वर काय आहे?

बेंगळुरूच्या थंडीचं पाहुण्यांना कौतुक आणि तिथल्या रहिवाशांना अभिमान. दप्तरी नोंदलेला नीचांक मात्र ७.८ अंश, आणि तोही १३ जानेवारी १८८४चा! एरवी ऐन हिवाळ्यात पहाटेचा पारा सरासरी पंधरा-सोळावरच रेंगाळतो. पुणेकर तेवढ्या थंडीत स्वेटरसुद्धा शोधत नाही. तरीही १८०९ साली श्रीरंगपट्टणच्या डासांना कंटाळून इथे छावणी हलवणाऱ्या साहेबाच्या मागोमाग विलायती सवयी आल्या आणि कँटोन्मेंटच्या बंगल्यांतून चुन्या-विटांच्या फायरप्लेस उभ्या राहिल्या.

साहेब गेला, धुरांडं राहिलं.

रिचमंड टाउनकडच्या अशा एखाद्या बंगल्यात मराठी बिऱ्हाड येतं, तेव्हा सुरुवातीला फायरप्लेससमोर सगळ्यांचे फोटो निघतात. मग तिच्यात वर्तमानपत्रांची रद्दी जाते. आणि एके दिवशी गृहलक्ष्मी म्हणते, "अहो, हा ठोंब्या हलवा बघू. सोफा सरळ लागत नाहीये."

गृहस्थांना हिशेब सोपा वाटतो. दीड फूट पुढे आलेली भिंत, तीही फक्त खालची छातीइतक्या उंचीपर्यंतची. दोन मजूर, एक दिवस. स्वस्तात काम होतंय म्हटल्यावर मध्यमवर्गीय माणूस मागेपुढे पाहत नाही. इथे निदान वर पाहायला हवं होतं. ते काम इंजिनिअर करतो. तो नखाने गिलावा खरवडतो, बोटांवर आलेली चुन्याची पूड चोळून बघतो आणि विचारतो, "वर काय आहे?"

वर म्हणजे छपरावर. शिडी लावून पाहिलं, तर पाच फूट उंच विटांचा मनोरा शांतपणे उभा, आणि त्याच्या कमरेला शेजाऱ्यांची डिश तारेने बांधलेली! वीटकामाचं वजन घनमीटरला जवळजवळ दोन टन. नळीची पोकळी वजा केली, तरी छपरावरचा भागच दीड टनाच्या घरात, म्हणजे दोन छोट्या मोटारी. आणि हे सगळं उभं आहे कशावर? सोफ्याला आड येणाऱ्या त्याच ठोंब्यावर.

"स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी" (जरा सांभाळून घ्या) या मंत्रावर हे शहर बसमध्ये, रांगेत आणि पार्किंगमध्ये चालतं. विटा मात्र अ‍ॅडजस्ट होत नाहीत. पायथा काढला की त्या अधांतरी लटकतात; कधी तडा दाखवून इशारा देतात, कधी तेवढंही सौजन्य दाखवत नाहीत.

इंजिनिअरचे दोनच पर्याय असतात. वरचं ठेवायचंच असेल, तर आधी धिरे देऊन भार पेलायचा, मग दोन्ही बाजूंच्या भक्कम भिंतींत काँक्रीटचे बेड-ब्लॉक बसवून त्यांवर लोखंडी गर्डर टाकायचा आणि त्यानंतरच खालची वीट काढायची. नाहीतर मनोऱ्यापासून सुरुवात करून एकेक थर उतरवत खाली यायचं. त्यातही मद्रास टेरेसचं, म्हणजे वाशांवर विटा-चुना घातलेलं छप्पर असेल, तर सागवानी वाशांचं टोक धुरांड्याच्या भिंतीत रोवलेलं नाही ना, हे उकलून बघावं लागतं. धुरांडं ज्या भिंतीला चिकटलेलं असतं, तिला पाठीवर हात दिल्यासारखा आधारही देत असतं. तो गेल्यावर भिंत एकटी तग धरेल का, हेही तपासायचं. शेवटी भगदाड बुजवायचं ते चुन्याच्याच मालाने. सिमेंट ओल कोंडून धरतं.

बैठक होते. गृहस्थ गर्डरच्या खर्चाकडे बघतात, गृहलक्ष्मी सोफ्याकडे. वरून खाली हा मार्ग ठरतो. शेजाऱ्यांची डिश दुसरीकडे जाते. पडदे, टीव्ही, देवांच्या तसबिरी प्लास्टिकमध्ये गुंडाळल्या जातात. तरी कित्येक दशकांची काजळी फटीफटीतून शिरून थेट लोणच्याच्या बरणीवर बसते.

विटा मात्र अखंड निघतात, कारण जुना चुना मऊ. छिन्नीने खरवडला की सुटतो. मेस्त्री त्या विटा अंगणात रचून ठेवतो आणि भाव सांगतो. गिऱ्हाईक तयारच असतं: इंदिरानगरला नवा कॅफे निघतोय, त्यांना भिंतीत जुन्या विटांची फायरप्लेस हवी आहे. एसीच्या खाली.