काळ्या ऑईलचा बंब

इंजिन ऑईलची नोकरी मोठी विचित्र. जन्मभर आगीच्या मांडीला मांडी लावून बसायचं आणि स्वतः पेटायचं मात्र नाही. गाडी हमरस्त्यानं निवांत चाललेली असताना एकेका सिलिंडरमध्ये मिनिटाला हजार-दीड हजार वेळा भडका उडत असतो. त्या भडक्याला खेटून, पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये, ऑईलचा पातळसा थर मान खाली घालून काम करत असतो. पेट्रोलची वाफ कडाक्याच्या थंडीतही ठिणगीची वाट बघत टपलेली असते. ऑईल दोनशे अंश सेल्सियसच्या पुढे गेल्याशिवाय ठिणगीला ओळखसुद्धा दाखवत नाही. पाच-दहा हजार किलोमीटर अशी इमानानं चाकरी झाली, अंग काळं पडलं, की निवृत्तीच्या दिवशी आपण त्याला सांगतो, आता जळ.

ते जळत नाही. निदान सांगितल्याबरोबर तर नाहीच.

ही गोष्ट मला आमच्या मामांच्या बंबामुळे कळली. मामांचं गॅरेज कऱ्हाडच्या बाजूला, रस्त्याला लागून. मोटरसायकलच्या चेंबरचा नट सोडला की लिटरभर काळं ऑईल निघतं, मोटारीतून तीन-चार लिटर, आणि ट्रक आला तर पोऱ्याला ट्रे दोनदा रिकामा करायला लागतो. हे सगळं मागच्या पत्र्याच्या शेडमधल्या बॅरलमध्ये जमा होतं. बॅरल भरत आलं की गावाला वासानं कळत असावं, कारण बरोबर त्याच दिवसांत माणसं कॅन घेऊन हजर होतात. सेंट्रिंगवाल्याला स्लॅबच्या प्लेटांना चोपडायला हवं असतं, म्हणजे काँक्रीट चिकटत नाही. कुणाला वासे वाळवीपासून वाचवायचे असतात. कुणाला गाडीच्या कण्याला वंगण हवं असतं. एकजण तर कशाला हवं ते न सांगताच नेतो. आपल्याकडे फुकट मिळणाऱ्या वस्तूचा उपयोग घरी नेल्यावर ठरतो.

एवढं वाटूनही बॅरल उरायचंच. आणि मामींच्या परसात, न्हाणीघराबाहेर, सासूबाईंच्या वेळचा तांब्याचा बंब होता. त्याला रोज सकाळी जळण लागायचं. वखारीतल्या लाकडाचा भाव मामा चहा पिताना मोठ्यानं वाचून दाखवायचे, ऐकणारं कुणी नसलं तरी. एके दिवशी त्यांनी जॉब कार्डाच्या पाठीवर हिशेब मांडला. लिटरभर ऑईलमध्ये साधारण नऊ हजार किलोकॅलरी उष्णता. वीस लिटरची बादली २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला लागतात ५००. म्हणजे एका लिटरला अठरा बादल्या! हिशेबात चूक नव्हती. ऑईलमध्ये एवढी ऊर्जा खरोखरच असते. वजनाला वजन लावलं तर डिझेलच्या जवळपास आणि लाकडाच्या दुपटीहून जास्त. फक्त त्या कागदावर ऑईलचं मत विचारलेलं नव्हतं.

पहिल्या दिवशी मामांनी बंबाच्या जाळीखाली पत्र्याचं डबडं ठेवलं, त्यात ऑईल ओतलं आणि पेटती काडी टाकली. काडी विझली. दुसरी काडीही विझली. काडीपेटी निम्मी संपल्यावर मामी म्हणाल्या, ‘‘अहो, गॅसवर तापवून देऊ का पाणी?’’ मामांनी चिंधीचा काकडा वळला, ऑईलमध्ये भिजवला, टोकाला थोडं रॉकेल लावलं. आता मात्र पेटलं. मग जे झालं त्याला धूर म्हणणं म्हणजे त्याचा अपमान करणं होय. दोरीवर वाळत घातलेली शेजारच्यांची पांढरी चादर अर्ध्या तासात करड्या रंगाची झाली आणि त्यावर काजळीचे पिसासारखे तुकडे अलगद येऊन बसले. पाणी मात्र कोमटच राहिलं. त्या पाण्यानं मामांनी आंघोळ केली आणि झकास तापलं होतं असं सांगितलं.

इथं थोडं विज्ञान सांगायला हवं. तेल जळतं म्हणजे तेलाची वाफ जळते. जड तेलाची वाफ व्हायला आधी भरपूर उष्णता लागते, ती जळायला भरपूर हवा लागते; दोन्हींपैकी एक कमी पडलं की उरलेला कार्बन काजळी होऊन चादरीकडे निघतो. म्हणजे उष्णता मिळवण्यासाठी आधी उष्णता गाठीला हवी. ज्याच्याकडे पैसे आहेत त्यालाच बँक कर्ज देते, तशातली ही गत. म्हणून जाणकार लोक ऑईल साठवून पेटवत नाहीत. ते आधी लाकडानं एखादं जाड लोखंड लाल होईपर्यंत तापवतात आणि मग त्यावर ऑईल थेंब थेंब सोडतात. ट्रकचा जुना ब्रेक ड्रम या कामाला उत्तम. तोही गॅरेजमध्येच पडलेला असतो. थेंब पडला की त्याची वाफ, खालून ब्लोअरची हवा, आणि मग ज्योत काळ्या धुराऐवजी पिवळीधमक होऊन घुमायला लागते. फक्त ऑईलमध्ये पाणी नको. पाण्याचा एक थेंब तापल्या लोखंडावर वाफ होताना सोळाशे-सतराशे पट फुगतो आणि आजूबाजूचं तेल घेऊन उडतो. पावसाळ्यात झाकण न लावलेल्या बॅरलनं मामांना हा धडा दिला. भुवया पुन्हा उगवल्या, पण उजवी जरा विरळ.

मामांना वाटायचं, हा शोध आपलाच. तिकडे अमेरिकेत, जिथं हिवाळ्यात गॅरेजमधला पाना हाताला चिकटतो, तिथं हा उद्योग कितीतरी वर्षं चालू आहे. १९७३ साली तेलाचे भाव भडकल्यानंतर ‘मदर अर्थ न्यूज’सारख्या स्वावलंबी लोकांच्या मासिकानं पाणी तापवायच्या जुन्या टाकीपासून वापरलेल्या ऑईलची शेगडी कशी बनवायची याचे आराखडे छापले. उभी टाकी, तळाशी आगीची थाळी, वर धुराडं. आपल्या बंबाचा दूरचा भाऊच म्हणायचा, फक्त आंघोळीऐवजी शेड गरम करणारा. त्याच्याही आधी, १९६०च्या दशकात, रॉबर्ट बॅबिंग्टन या गृहस्थांनी फार हुशार बर्नर काढला. एक पोकळ गोळा, त्याला सुईच्या टोकाएवढं छिद्र. ऑईल गोळ्याच्या बाहेरून ओघळत जातं, आतून दाबाची हवा त्या छिद्रातून फुटते आणि ऑईलच्या पापुद्र्याचं धुकं करून टाकते. छिद्रातून जाते ती हवा, ऑईल जातच नाही, त्यामुळे कितीही गाळ असला तरी छिद्र तुंबत नाही. अमेरिकी सैन्याच्या फिरत्या स्वयंपाकघरांत या तत्त्वावरचे बर्नर आहेत. मामांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग स्टीलच्या दाराच्या मुठी धुंडाळायला लागले. गोल आणि पोकळ असतात त्या.

तिथल्या कायद्याला मात्र मी मनापासून दाद देतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा नियम असा की गॅरेजवाल्यानं आपल्या गॅरेजमध्ये निघालेलं ऑईल जाळावं, किंवा घरी स्वतःच्या हातानं ऑईल बदलणाऱ्या माणसांनी आणून दिलेलं जाळावं. शेगडी तासाला पाच लाख बीटीयूपेक्षा मोठी नको आणि धूर बाहेर सोडायला धुराडं हवं. पाच लाख बीटीयू म्हणजे तासाला तेरा-चौदा लिटर ऑईल. मामांच्या हिशेबानं सुमारे अडीचशे बादल्या. एवढी आंघोळ आमच्या गावानं दिवाळीच्या पहाटेसुद्धा केली नसेल.

पण या सगळ्यात मला सर्वांत जास्त हसू येतं ते कॅलिफोर्नियातल्या संत्रेवाल्यांचं. दक्षिण कॅलिफोर्नियात जानेवारी १९१३मध्ये असा गारठा पडला की संत्र्या-लिंबांचं पीक जवळजवळ गेलंच. त्यानंतर बागाईतदारांनी झाडांच्या ओळींमधून तेलाच्या शेगड्या मांडल्या, हजारोंनी. खाली तेलाचं गोल भांडं, वर नळकांडं. तेल जे स्वस्त मिळेल ते. नड असेल तेव्हा वापरलेलं इंजिन ऑईल चाले, जुने टायरही चालत. हवामान खात्याचे फ्लॉइड यंग रात्री रेडिओवर येऊन कुठल्या गावाला पारा किती उतरणार ते वाचायचे आणि बागांच्या टापूत घरोघर तो कार्यक्रम जेवणाच्या ताटावर ऐकला जायचा. आकडा वाईट आला की बाप, पोरं, गडी, सगळे रात्रभर शेगड्या पेटवत हिंडायचे. सकाळी शाळेत अर्धा वर्ग पेंगत असायचा आणि सगळ्यांच्या नाकपुड्या काळ्या.

गंमत अशी की बऱ्याच बागाईतदारांची समजूत होती, बागेला वाचवतो तो धूर. जितका काळा तितका चांगला. धुराची गोधडी झाडांवर पसरते आणि ऊब धरून ठेवते. म्हणून काही जण मुद्दाम जास्त धूर करत. शास्त्रज्ञांनी मोजून बघितलं, तर धुराचा उपयोग जवळजवळ शून्य! वाचवायची ती उष्णता. थंड, स्थिर रात्री जमिनीलगत गार हवा आणि थोड्या उंचीवर तुलनेनं गरम हवा असते. शेगड्यांच्या उष्णतेनं ती हालते, मिसळते. त्यातही एक मोठी होळी पेटवली तर गरम हवेचा लोट सरळ आकाशात निघून जातो. लहान लहान शेगड्या पुष्कळ हव्यात. म्हणजे शेजारच्या शहरांनी इतकी वर्षं जी काजळी खाल्ली ती पूर्ण बिनकामाची होती. लॉस एंजेलिस परगण्यानं १९४७ साली हवेच्या प्रदूषणासाठी स्वतंत्र यंत्रणा उभारली, धूर ओकणाऱ्या शेगड्यांवर बंधनं आली, आणि पुढं बागांमध्ये उंच खांबांवरचे मोठे पंखे आले. वरची गरम हवा खाली ढकलणारे. शेगड्या नकोत, धूर नको.

आपल्या निफाडला हे वाचताना कुणी परकं मानणार नाही. डिसेंबर-जानेवारीत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा घसरल्याची बातमी आली की द्राक्षबागेच्या मालकाला झोप कुठली. मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेला पाणी सोडायचं, ओळींच्या मधून शेकोट्या पेटवायच्या. चार पाचट, चार काटक्या, जे हाताशी असेल ते. तिथंही एखादा काका म्हणतोच, ‘‘अरे, ओलं टाक, धूर झाला पाहिजे.’’ कॅलिफोर्नियाशी त्याचा कधी पत्रव्यवहार झालेला नाही. धुरावर माणसाचा विश्वास का बसतो याचं कारण मला वाटतं साधं आहे. उष्णता दिसत नाही, धूर दिसतो. पैसे खर्च झाल्याचा पुरावा हवा असतो.

मामांच्या बंबाचंही पुढं तेच झालं. ब्रेक ड्रम बसला, ब्लोअर बसला, धूर थांबला, पाणी कडकडीत तापायला लागलं. आणि मामी म्हणाल्या, ‘‘आता काही पेटल्यासारखं वाटतच नाही.’’ ब्लोअरच्या आवाजानं सगळी आळी साडेपाचला उठायची, ती गोष्ट वेगळी.

मग राख आली. लाकडाची राख मामी भांड्यांना लावायच्या, झाडांना घालायच्या. ही राख करडी, पापुद्र्यांची, आणि दर आठवड्याला मूठभर. ऑईलमध्ये मिसळलेली जस्त-कॅल्शियमची द्रव्यं, इंजिन झिजून आलेलं लोखंड, तांबं, ॲल्युमिनियम. यातलं काहीच जळत नाही. काही राखेत उतरतं, काही धुराड्यातून गावावर. पूर्वी त्यात शिसंही असायचं. देशभर शिसेविरहित पेट्रोल सक्तीचं झालं ते २००० सालच्या फेब्रुवारीपासून, तोवर पेट्रोलच्या गाड्यांच्या काळ्या ऑईलमध्ये ते उतरतच होतं. मामींनी एकदा ती राख तुळशीला घातली. तुळशीनं आठ दिवसांत काय तो अभिप्राय दिला आणि मामींनी बंबासमोर उभं राहून मामांना काय तो अभिप्राय दिला. बंब पुन्हा लाकडावर आला.

मला स्वतःला ऑईल जाळण्याबद्दल एकच हळहळ वाटते. ते झिजलेलं नसतं, मळलेलं असतं. आत मिसळलेली द्रव्यं दमतात, पाणी, काजळी, धातूचे कण साचतात. मूळ तेल बहुतेक तसंच असतं. निर्वात भांड्यात ऊर्ध्वपातन करून ते पुन्हा स्वच्छ काढता येतं आणि पुन्हा इंजिनात घालता येतं. वापरलेलं ऑईल आपल्या कायद्यात घातक कचऱ्यात धरलेलं आहे आणि ते परवानाधारक शुद्धीकरण कारखान्याकडेच जावं असा नियम आहे. १ एप्रिल २०२४पासून तर ऑईल विकणाऱ्या कंपन्यांवरही ते परत गोळा करण्याची जबाबदारी आली. प्रत्यक्षात बॅरल न्यायला जो टेम्पो येतो त्याला कुणी काही विचारत नाही. तो लिटरला रोख भाव देतो आणि ऑईल कुठल्या तरी भट्टीत जातं. काही वेळा नुसतं गाळून, रंग उजळवून, चकचकीत डब्यात भरून नवं म्हणून परत येतं. यासाठीच मामा ऑईल ओतून झालं की रिकाम्या डब्यात गिऱ्हाइकासमोर स्क्रूड्रायव्हर खुपसतात. या बाबतीत ते कडक आहेत. डबा फुकट गेल्याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर दरवेळी दिसतं, तरी खुपसतात.

आता मामांकडे रसीद देणारा माणूस येतो, कारखान्याचा. भाव टेम्पोवाल्यापेक्षा कमी देतो म्हणून मामा त्याच्याशी महिन्यातून एकदा भांडतात आणि बॅरल त्यालाच देतात. तळाची एक कळशी तेवढी मागं ठेवतात. तिच्यातलं ऑईल फडक्यानं घराच्या लोखंडी फाटकाला, बिजागरीपासून कडीपर्यंत, दर पावसाळ्याआधी चोपडलं जातं. फाटक पंचवीस वर्षं गंजलेलं नाही. पाहुणा आला की मामी आतूनच ओरडतात, ‘‘कोपरानं ढकला हो!’’ नवा जावई पहिल्या दिवाळसणाला पांढरा झब्बा घालून आला तेव्हा त्या नेमक्या चकल्या तळत होत्या.