जगात जर्मनी, नेपाळात परभणी

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आपण इतक्यांदा म्हणून घेतलंय की एव्हाना जर्मनीलाही ते खरं वाटत असेल. आता त्यात भर पडली. आपली पोरं परदेशी जाऊन भूकंपग्रस्तांची घरं बांधून देणार आहेत. वसमत रोडवरच्या एकाने नाव नोंदवलंय. नेपाळ, दोन आठवडे. फी भरायची, त्यात राहणं, दोन वेळचं जेवण, टी-शर्ट आणि प्रमाणपत्र. मजुरी घेऊन विटा उचलणारा बिगारी आपल्याला ठाऊक होता. पैसे मोजून विटा उचलणारा हा नवा अवतार. याच्या स्वतःच्या घरी वरच्या मजल्याचं काम चालू आहे. बाप रोज ओरडतो, “आरं, भिंतीला पाणी मार!” पोरगा मोटार चालू करतो, नळी भिंतीच्या दिशेने टाकतो आणि मोबाइलवर नेपाळातल्या जाजरकोटच्या पडक्या घरांचे फोटो बघत बसतो. पाणी शेजारणीच्या वाळत घातलेल्या डाळीवर.

नेपाळचं दुःख खरंच आहे. २०१५ मध्ये तिथे जवळपास नऊ हजार माणसं गेली, नोव्हेंबर २०२३ मध्ये जाजरकोटकडे दीडशेवर. पण तिथे गवंड्यांचा दुष्काळ पडल्याचं ऐकिवात नाही. नेपाळी गवंडी पोटासाठी आखातात जातो, आणि त्याच्या गावची भिंत रचायला परभणीचा बी.कॉम. येतो. ओळंबा कसा धरायचा हे याला शिकवायचं तिथल्याच एखाद्या म्हाताऱ्या गवंड्याने, आणि हा परतला की याने लावलेला थर उतरवून पुन्हा रचायचा.

बरं, भूकंपासाठी एवढं लांब जायचं कारण काय? २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमारास शेजारच्या हिंगोलीत ४.५ रिश्टरचा धक्का बसला, आपली भांडी वाजली, सगळी परभणी बनियनवर रस्त्यात आली. जुलैत पुन्हा तेवढाच. तेव्हा शेजारून सरकारी आवाहन आलं, की पत्र्यावर ठेवलेले दगड काढून घ्या. आवाहन बरोबरच होतं. भूकंपात दगड डोक्यात पडतो. पण अवकाळीच्या वाऱ्यात पत्रा उडू नये म्हणूनच तो दगड ठेवलेला असतो! म्हणजे गरिबाने वेधशाळेचं ऐकून दगड ठेवायचा आणि भूकंपवाल्यांचं ऐकून उतरवायचा. पत्रा खिळवून द्यायला मात्र कुणी स्वयंसेवक आला नाही. त्याचं प्रमाणपत्र मिळत नसावं.

परक्याने घर बांधून दिलं की काय होतं, हे मराठवाड्याला सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३.५६ चा भूकंप. विसर्जन करून गाव नुकतं झोपलं होतं. दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवदाचा मातीचा थर. सगळं अंगावर आलं. मग जगभरातून मदत आली, ५२ गावं नव्या जागी वसली. दानशूरांची दानत मोठी होती, प्रश्न विचारायला तेवढा वेळ नव्हता. जमीन पाहून घराचं माप ठरलं: भूमिहीनाला २५० चौरस फूट, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. बैल कुठे बांधायचा, कडबा कुठे रचायचा, हे नकाशात नव्हतं. औसा तालुक्यातल्या गुबाळला तर घुमटासारखी गोल घरं मिळाली. गोल भिंतीला कपाट टेकवून दाखवावं कुणीतरी! लोकांनी मुकाट्याने पुढे पत्र्याची पडवी काढली आणि संसार तिथे मांडला.

त्याच पट्ट्यातल्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून घराघरांत फिरून दुरुस्तीचं काम शिकल्या, आणि २००१ मध्ये कच्छ हादरल्यावर तिकडच्या बायकांना ते सांगायला गेल्या. पंचनामा कुठे अडतो, अनुदानाचा हप्ता कुठे मुरतो, सगळं भोगून झालेलं. त्यांच्या अंगावर टी-शर्ट नव्हते.

आपल्याकडे पालम-जिंतूरच्या बाजूला अजून माळवदं उभी आहेत. वरची माती कमी करायची, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड बसवायचे, एवढं तरी करता येतं. परवा एका समाजसेवी पुढाऱ्यांना म्हटलं, पोरं नेपाळला कशाला पाठवता, चार गावं इथलीच घ्या की. त्यांनी फ्लेक्सच्या मजकुरावरून नजर वर केली.

“आधी पडू तर द्या हो,” ते म्हणाले, “मग बघा, ट्रकवर ट्रक लावतो.”