खोकून दाखवा

२०२० च्या मार्चमध्ये कुणालाही फोन लावला की पलीकडचा माणूस उचलण्याआधी एक तिसराच माणूस खोकत असे. कोरोनाच्या सरकारी सूचनेची ती सुरुवात. वर्षभरानं ते काम आमच्या घरापुरतं माझ्याकडे आलं. कुणी तब्येत विचारायला फोन करी, मी ‘हॅलो’तला ‘हॅ’ म्हणे आणि उरलेलं सगळं ढासेत वाहून जाई. ‘राहू द्या सर, समजलं,’ म्हणून लोक फोन ठेवत. काय समजलं, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

२०२१ चा फेब्रुवारी आमच्या जिल्ह्याला वाईट गेला. बाकी देश मोकळा फिरू लागला होता आणि इकडे अमरावती-अचलपुरात २२ तारखेपासून पुन्हा टाळेबंदी लागली. वरूडच्या संत्र्याचं नाव देशभर व्हावं म्हणून इथल्या माणसांनी आयुष्यं बागेत घातली, पण रोज रात्री टीव्हीवर जिल्ह्याचं नाव येऊ लागलं ते या आजारापायी. त्यात मीही खारीचा वाटा उचलला आणि थेट अतिदक्षता विभागात जाऊन पोचलो.

तिथे समजलं की खोकणं ही साधी गोष्ट नाही. आधी खोल श्वास घ्यायचा, मग स्वरयंत्राचं दार घट्ट लावायचं, छाती-पोटानं दाब द्यायचा आणि दार एकदम उघडायचं. कृत्रिम श्वासाची नळी नेमकी त्याच दारातून आत जाते, त्यामुळे दार लागतच नाही. उबळ येते, खोकता येत नाही. आपण जे खोकून टाकायचं, ते सिस्टर दुसऱ्या बारीक नळीनं ओढून काढतात. नळी काढायची वेळ आली तेव्हा डॉक्टरांनी परीक्षा घेतली ती याच विषयाची. ‘काका, खोकून दाखवा.’ मी कसाबसा फुसका आवाज काढला. ‘शाबास! अजून जोरात!’ नोकरीभर पोरांना शाबासक्या वाटत आलो, पण इतक्या किरकोळ कामाची इतकी मनापासून शाबासकी मी कुणाला दिल्याचं आठवत नाही. शेजारच्या खाटेवरूनही तेच शब्द ऐकू यायचे. एका सकाळी आले नाहीत. विचारायचं धाडस मी केलं नाही.

घरी आल्यावर पडल्या पडल्या वाचलं, तर अतिदक्षता विभागाचा जन्मच न खोकता येणाऱ्यांसाठी झालेला. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली. श्वासाचे स्नायू गेलेले, गिळता येत नाही, खोकता येत नाही, अशी मुलं स्वतःच्याच कफानं गुदमरून जात होती. ब्योर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञानं त्यांच्या गळ्याला छेद देऊन नळी घातली आणि रबरी पिशवी हातानं दाबून हवा द्यायला लावली. यंत्रं पुरेशी नव्हती, म्हणून वैद्यकीय महाविद्यालयाचे शेकडो विद्यार्थी पाळीपाळीनं खाटेशी बसून दिवसरात्र पिशव्या दाबत राहिले. त्या पोरांना कुणी शाबास म्हटलं असेल का, हा मास्तरी प्रश्न माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

तर अशा दर्जाची विद्या मी घरी घेऊन आलो आणि घरात तिची किंमत पाहता पाहता उतरली. पहिल्या ढासेला सगळे धावत आले. मग फक्त बायको येऊ लागली. मग तीही स्वयंपाकघरातूनच म्हणू लागली, ‘अहो, जरा दाबा ना.’ तिकडे ज्याला टाळी मिळाली त्याचीच इकडे तक्रार. बँकेत मात्र मान होता. रांगेत मी एकदा खोकलो की काउंटरपर्यंतचा रस्ता आपोआप मोकळा होई, आणि आतला कर्मचारी माझं पासबुक दोन बोटांत धरून सर्वांत आधी परत करी.

खोकला माझा होता, पण कारभार गावाचा. अडुळशाचा काढा आला, ज्येष्ठमधाच्या कांड्या आल्या, सातपुड्यातून कुणी बेहडे आणून दिले. ओव्याची पुरचुंडी, विड्याचं पान, खडीसाखर, हळदीचं दूध. एवढी औषधं आळीपाळीनं घेणाऱ्याला खोकायला फुरसत मिळू नये, पण मला मिळे. या सगळ्या वैद्यांचे आपसांत मतभेद होते. एका बाबतीत मात्र एकमत, संत्री बंद. आणि दिवस कुठले, तर मृग बहाराचा माल निघायचे! मंडईबाहेर क्रेटांच्या थप्प्या, हवेत सालीचा वास. भेटायला येणारा प्रत्येक जण आपल्या बागेतली पिशवी घेऊन यायचा. ‘वैनी, हे ठेवा. मृगाचे हायेत, एकदम गोड. पन सरले नोका देऊ.’ पिशवी माझ्या उशाशी ठेवायची आणि बंदी माझ्यावर घालायची, हा पाहुणचार वरूडातच पाहावा. डॉक्टरांनी संत्र्याला मनाई केलेली नव्हती, पण डॉक्टर पडले बाहेरगावचे.

त्यातल्या त्यात बरा वाटला तो शेजारचा बागायतदार. डिसेंबरात पाणी तोडून झाडाला ताण देतात, पानगळ होते आणि पाणी सोडलं की आंबिया बहार फुटतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तो म्हणाला, ‘सर, झाडाले ताण देल्ला का बहार फुटते. तुमाले दवाखान्यात ताण बसला, तुमचा खोकला फुटला. आता तो आपल्या हिशोबानं गयन.’ औषध न सांगता उठून गेलेला हा एकमेव माणूस.

डॉक्टरांचंही सांगणं फारसं वेगळं नव्हतं. खोकल्यानं घसा सोलवटतो आणि सोलवटलेला घसा पुन्हा खोकायला लावतो, म्हणून उबळ आली की आवंढा गिळा, पाण्याचा घोट घ्या, नाकानं सावकाश श्वास घ्या. शिवाय तीन गोळ्यांचं ते प्लॅस्टिकचं खेळणं होतं. ओढून श्वास घ्यायचा आणि गोळ्या वर चढवायच्या. मी दोनवर अडायचो. नातू तिन्ही चढवून माझ्याकडे असा बघायचा की मला नापास पोरांचं दुःख प्रथमच नीट समजलं. आठ आठवडे उलटले की वैद्यकशास्त्र खोकल्याला जुनाट ठरवतं. माझा कायम झाला.

खरा वैरी सापडला तो स्वयंपाकघरात. तेलात लाल मिरची पडली की मी ओसरीवर असलो तरी दुमडून जायचो. आणि ऑक्टोबरात, आंबियाची पहिली फळं मंडईत उतरत असतानाच, मला पाठिंबा थेट स्वीडनहून आला. वैद्यकाचं नोबेल दोघांना विभागून जाहीर झालं, त्यांतले एक डेव्हिड ज्युलियस. मिरचीतला कॅप्सायसिन नावाचा तिखट अंश आपल्या मज्जातंतूंवर नेमका कुठे बसतो, ते त्यांनी १९९७ मध्ये शोधून दाखवलं होतं. ती जागा श्वासनलिकेच्या मज्जातंतूंवरही असते. खोकल्याचे अभ्यासक माणसांना कॅप्सायसिन हुंगवतात आणि कितीदा खोकला येतो ते मोजतात. आमच्या घरी हा प्रयोग रोज सकाळी, कसलंही अनुदान नसताना चालू होता.

वर्तमानपत्र घेऊन मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहिलो आणि निकाल वाचून दाखवला. दोष मिरचीचा, संत्र्याचा नव्हे. बायकोनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

‘त्या माणसाला म्हणावं, बिनफोडणीचं वरण आठ दिवस खाऊन दाखव.’

‘बरं, फोडणी राहू दे. पण मग संत्री खायला काय हरकत आहे?’

‘संत्र्याबद्दल काही लिहिलंय का त्यात?’

‘नाही.’

‘मग?’ असं म्हणून तिनं कढईत मिरच्या टाकल्या. माझं पुढचं म्हणणं, अर्थातच, पूर्ण होऊ शकलं नाही.