पळवणारे नाना

नाना आयुष्यात एकदाच पळाले, तेही धाराशिवची एसटी गाठायला. एसटी गेली. तेव्हापासून त्यांनी स्वतः पळणं सोडलं आणि दुसऱ्यांना पळवणं धरलं.

नाना हे एका माणसाचं नाव समजू नये. तो हुद्दा आहे, आणि तेरसारख्या गावात तो कधी रिकामा राहत नाही. गणपतीची वर्गणी, सप्ताहाचं अन्नदान, रक्तदान शिबिर, कुस्त्यांचा फड, या सगळ्यांना माणूस तोच लागतो. खिशाला पेन, काखेत पावतीपुस्तक आणि तोंडी एकच वाक्य : ‘तुमचं नाव आधीच टाकलंय.’ नानांनी कुणाला ‘देणार का?’ असं विचारल्याचं ऐकिवात नाही. ते पावती फाडून हातावर ठेवतात. आकड्याची जागा तेवढी कोरी. त्या कोऱ्या जागेकडे बघत चारचौघांत उभं राहणं किती अवघड असतं, हे ज्याच्या हातावर पावती पडलीय त्यालाच कळतं.

गोरोबाकाकांनी थापटण्यानं संतमंडळींची डोकी वाजवून पाहिली आणि नामदेवांचं मडकं कच्चं निघालं, ही कथा तेरमधल्या शेंबड्या पोरालाही पाठ असते. नानांची रीत तीच, थापटण्याच्या जागी पावतीपुस्तक. ‘मेडिकलवाला पक्का. कृषी सेवा केंद्र वरनं खणखणीत वाजतंय, पण आत वल्लं हाय.’

हाफ मॅरेथॉनचं खूळ आलं साताऱ्याहून. तिथं 2012 पासून यवतेश्वरच्या घाटात डोंगरी हाफ मॅरेथॉन होते. सप्टेंबरच्या झडीत हजारो माणसं घाट चढून जातात आणि उतरून येतात. नानांचा भाचा पुण्यात नोकरीला, तो त्यात पळून आला आणि गळ्यात पदक घालून गावी आला. नानांनी पदकाकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘फी किती भरलास?’ भाच्यानं आकडा सांगितला. नाना बराच वेळ गप्प बसले. माणसं पळायचेही पैसे देतात, ही बातमी आपल्याला इतक्या उशिरा कळावी!

पैसा कशाला लागणार हे मात्र त्यांच्या डोक्यात पहिल्यापासून होतं, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहाला दार नव्हतं. वाचनालय गळत होतं. आणि बाप गेलेल्या काही पोरांची वसतिगृहाची फी भरायची होती. या जिल्ह्यात बाप कशानं गेला, असं कुणी विचारत नाही.

सप्टेंबर बाद झाला, कारण तेव्हा सोयाबीन काढणीवर येतं. म्हणून हिवाळा ठरला. अडचण उरली डोंगराची. बालाघाटाचे डोंगर येडशी-धाराशिवच्या अंगाला. तेर आपलं तेरणेच्या काठी, सपाटीला. गावात उंचवटे आहेत, पण त्या पांढरीच्या टेकड्या. सातवाहनांच्या काळातलं तगर त्यांच्या पोटात आहे. तगर म्हणजेच तेर, असं फ्लीटसाहेबानं 1901 साली मांडलं. पावसानं माती धुपली की इथं मणी, खापरं, मातीच्या बाहुल्या वर येतात. गावच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा हजारो वस्तू गोळा केल्या; आज त्यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय गावात आहे. पॉम्पेईत सापडलेल्या हस्तिदंती बाईची बहीण शोभावी अशी बाहुली तिथं आहे. (तेवढ्या आधारावर प्रमुख पाहुणा इटलीहून बोलवावा, अशी एक सूचना आली होती. जाण्यायेण्याचा खर्च निघाल्यावर ती मागे पडली.)

‘टेकडीवरनं माणसं पळवली तर पुरातत्त्वखातं आपल्याला पळवील,’ गुरुजी म्हणाले.

‘मग डोंगर फ्लेक्सवर घेऊ,’ नाना म्हणाले.

फ्लेक्सवाल्यानं बर्फानं झाकलेलं शिखर छापलं. त्याचंही बरोबर होतं, त्याला ‘हिवाळी’ एवढंच सांगितलं होतं. शिवारातल्या एका चढाला ‘घाट’ असा दर्जा देण्यात आला. त्या चढाला दुधाचे कॅन लावलेला सायकलवालाही खाली उतरत नाही.

अंतरावर मोठी चर्चा झाली. 21 किलोमीटर ठीक, पण वरचे साडेसत्त्याण्णव मीटर कुणाच्या बांधावरून काढायचे? गुरुजींनी खुलासा केला, की 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यातून काढून राजघराण्याच्या आसनांसमोर आणली, त्यातून मॅरेथॉनचे 42.195 किलोमीटर झाले; हे त्याचं अर्धं. नानांचे डोळे चमकले. ‘राजाच्या खुर्चीसाठी त्यांनी वाढवलं, तर आमदारांच्या स्टेजसाठी आपण थोडं कमी केलं म्हणून काय बिघडलं?’ याला गुरुजींकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.

मग तारीख. नानांनी रविवार पाहिला, अमावास्या पाहिली नाही. फ्लेक्स लागल्यावर एक म्हातारी त्याखाली थांबली आणि म्हणाली, ‘आवं, त्या दिशी येळवस हाय की!’

लातूर-धाराशिवच्या बाहेर याचा अर्थ सांगावा लागेल. वेळा अमावास्येला इथं गावात कुणी राहत नाही. सगळे रानात. कडब्याची कोप करून पांडव पुजायचे, आणि भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, मडक्यातली गारेगार आंबील यांवर ताव मारायचा. वाटेवरून जाणारा अनोळखी माणूससुद्धा त्या दिवशी उपाशी सोडत नाहीत. म्हातारीनं फ्लेक्सवरची फी कुणाकडून तरी वाचून घेतली आणि वर म्हणाली, ‘कोजागिरीला तुळजापूरला चालत जाताव आमी, अनवाणी. आईनं कधी पावती फाडली न्हाई.’

तारीख बदलावी असं सगळ्यांना वाटलं. पण फ्लेक्स छापून झाला होता, आणि छापलेल्या फ्लेक्सपुढे पंचांग टिकत नाही. ‘स्वयंसेवक गावात नसतील तर नसू द्या,’ नाना म्हणाले, ‘रानात तर असतील? रस्ता रानातनंच जातोय.’ पाण्याचे सगळे थांबे त्यांनी लोकांच्या शेतांत नेऊन ठेवले. टेबल-खुर्च्यांचं भाडं वाचलं, ते वेगळंच.

पहाटे गोरोबाकाकांच्या मंदिरापाशी शर्यत सुटली. पुणे, सोलापूर, लातूरची मंडळी होती. हातात घड्याळं, कमरेला बाटल्या, पायात आमच्या एका पोत्या सोयाबीनहून महाग बूट. नाना स्पीकरवरून प्रोत्साहन देत होते आणि मधूनमधून एका पांढऱ्या मोटारसायकलवाल्याला गाडी बाजूला घ्यायला सांगत होते. पुढे उसाच्या ट्रॅक्टरमागे अर्धा घोळका अडकला. दोन ट्रॉल्या, वर टेपवर गाणं. ओलांडून जायची हिंमत कुणाची होईना.

पण खरा घोटाळा झाला ऊन चढल्यावर, मागे राहिलेल्यांचा. पहिल्या शेतात ‘घोटभर आंबील तरी घ्या’ म्हणून थांबवलं. दुसऱ्यात ‘तिकडं प्यालाव, मग आमचं काय वाकडं?’ म्हणून बसवलं. तिसऱ्यात पत्रावळ मांडली. बारा वाजेपर्यंत पळणारे कमी आणि जेवणारे जास्त झाले. आयटीतला एक गृहस्थ बोरीखाली आडवा झाला; त्याचं घड्याळ दर थोड्या वेळानं त्याला हलायला सांगत होतं.

नानांनी डोक्याला हात लावला असेल असं वाटेल. छे. पावतीपुस्तक घेऊन ते मोटारसायकलवर मागे बसले आणि शेतोशेत फिरले. तोंडात भज्जी असलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणता येत नाही, हा शोध त्या दिवशी लागला. नोंदणीतून आला नव्हता एवढा पैसा दुपारपर्यंत बांधाबांधावर जमला.

पहिला आला पोलीस भरतीची तयारी करणारा गावातलाच पोरगा. त्यानं नावच नोंदवलं नव्हतं. तो रोज पहाटे त्याच रस्त्यानं पळतो, त्या दिवशी गर्दी का आहे एवढंच त्याला कळेना. नानांनी त्याला स्टेजवर ओढलं, कुंभाराकडून भाजून घेतलेलं मातीचं पदक गळ्यात घातलं, बक्षिसाचं पाकीट दिलं आणि त्यातून नोंदणी फी कापून रीतसर पावती दिली.

आठवड्यात ग्रामपंचायतीच्या फळ्यावर हिशेब लागला, सुतळीच्या तोड्यापर्यंत. स्वच्छतागृहाला दार बसलं. आतून कडीही लागते. वसतिगृहाची फी भरली. वाचनालयाच्या पत्र्याला मात्र पैसे पुरले नाहीत, आणि तेवढं निमित्त नानांना पुरे होतं. बैठक बसली. गुरुजी सहज बोलून गेले, की पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापाऱ्याच्या पुस्तकात, पेरिप्लसमध्ये, पैठणपासून तगर दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचं लिहिलंय. कापडाच्या गाड्या त्या वाटेनं जायच्या.

‘दहा दिवस,’ नाना म्हणाले. ‘म्हणजे माणशी वीस जेवणं.’ आणि पहिली पावती गुरुजींच्या नावाची फाडली.