परतीचा करंट

शिरूर तालुक्यात विजेतलं काही कळत नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. इथलं पोरगं आधी स्टार्टरचं हिरवं बटण दाबायला शिकतं, बाराखडी नंतर. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. म्हणजे रात्री दोन वाजता हातात बॅटरी घेऊन, उसातून बिबट्या आपल्याकडे बघतोय की काय याचा अंदाज घेत विहिरीवर जायचं आणि मोटार का उचलत नाही ते एकट्यानं शोधायचं. अशा शाळेत माणूस लवकर शिकतो. कंडेन्सर फुगलाय, ओव्हरलोड पडलाय, डीपीवरचा जंप गेलाय की स्टार्टरच्या पेटीत शिरून एखादी पाल कॉन्टॅक्टमध्ये भाजून निघालीय, हे आमच्याकडची माणसं नुसत्या आवाजावरून सांगतात. पाल असेल तर वासावरूनही.

ही सगळी विद्वत्ता एके दिवशी माझ्या पिकअपवर चालून आली.

गाडी जुनी. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कारण तिच्यात मूळ कंपनीचं फार थोडं उरलंय आणि उरलेल्यावर उगाच आळ नको. इंजिन डिझेलचं, पंप जुन्या पद्धतीचा, यांत्रिक. एकदा सुरू झालं की त्याला विजेशी देणंघेणं नाही. बंद करायलासुद्धा चावी नव्हे, दट्ट्या ओढायचा. त्यामुळे आधीच्या मालकांनी वायरिंगकडे कधी मान वळवून पाहिलं नव्हतं. सेल्फ लागत नसेल तर गाडी उतारावर लावायची, हा त्यांचा विद्युतशास्त्रातला एकमेव सिद्धांत. पण घोड आणि भीमेच्या मधला हा मुलूख सपाट. इथं उतार म्हणजे कॅनॉलचा भराव, पुलाचा चढ आणि कांद्याच्या चाळीपुढचा रॅम्प. तिन्ही ठिकाणी आधीच कुणीतरी गाडी लावलेली असते, आणि ती कशासाठी लावलीय हे सगळ्या गावाला ठाऊक असतं.

सेल्फचं मी निभावून नेलं असतं. पण गाडीच्या दिव्यांना स्वतःची मतं फुटली. दिवसा ब्रेक दाबला की समोर मीटरमधला दिवा लागायचा. रात्री ब्रेक दाबला की मागचा लाल दिवा विझायचा, म्हणजे नेमका नको तेव्हा. डावा इंडिकेटर टाकला की मागचं सगळंच लुकलुकायचं आणि मागून येणाऱ्याला वाटायचं, वरात चाललीय. एकदा तर एकानं ओव्हरटेक करताना खिडकीतून नवरा कुठाय ते वाकून पाहिलं.

पहिले आले मामा. आमच्याकडे कुठल्याही गाडीच्या निदानाची सुरुवात बॅटरीपासून होते आणि पुष्कळदा शेवटही तिथंच होतो. मामांच्या खिशाला पेनशेजारी कायम टेस्टर लावलेला. तो त्यांनी बॅटरीच्या टर्मिनलला टेकवला, मागच्या टोपीवर बोट ठेवलं, डोळे बारीक केले. टेस्टर पेटेना.

"मेली की रं ही. करंटच न्हाय हिच्यात."

टेस्टरमधला तो निऑनचा इवलासा दिवा पेटायला साठ-सत्तर व्होल्ट तरी लागतात, आणि बॅटरी १२ व्होल्टची. चांगली, विश्रांती घेतलेली बॅटरी मीटरवर १२.६ दाखवते, माझी तेवढंच दाखवत होती. मी मामांना मीटर दाखवला. त्यांनी मीटरकडे पाहिलं नाही. दोन्ही टर्मिनल सरळ दोन हातांनी धरली आणि माझ्याकडे पाहिलं. ज्या करंटचा झटका बसत नाही त्याला करंट म्हणायची मामांची तयारी नव्हती. ४१५ व्होल्टांत आयुष्य काढलेल्या माणसाला १२ व्होल्ट म्हणजे पोरखेळ वाटणारच.

मग तात्या आले. तात्यांचं निदान वेगळं, "फेज उलटी झालीय." पाण्याची मोटार उलटी फिरायला लागली की तीनपैकी दोन वायरींची अदलाबदल करतात आणि ती सुलटी फिरते, हे खरं आहे. तात्यांनी पाना काढला आणि बॅटरीच्या दोन वायरी अदलाबदल करून बघू म्हणाले. तसं केलं असतं तर अल्टरनेटरमधले डायोड तिथल्या तिथं जळाले असते. मी बॅटरीवर आडवा पडलो. तात्या आजही म्हणतात की पोरानं करून बघू दिलं नाही, नाहीतर तेव्हाच मिटलं असतं.

मोबाईल दुरुस्तीवाल्या भाच्यानं अगदी याच बिघाडाचा व्हिडिओ शोधून काढला. तो पोर्तुगीजमध्ये होता. आम्ही सगळ्यांनी शेवटपर्यंत पाहिला. त्या माणसाचा दिवा दुरुस्त झाला आणि आम्हाला आनंद झाला.

शेवटी वायरिंगची काळी टेप उलगडायला घेतली. इथं मला आमच्या गावाजवळच्या इनामगावची आठवण होणं साहजिक होतं. घोडकाठच्या त्या पांढरीवर डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या मंडळींनी १९६८ ते १९८३ उत्खनन केलं आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती थराथरानं वर काढली. सर्वांत खाली माळवा, त्यावर पूर्व जोर्वे, सर्वांत वर उत्तर जोर्वे. माझ्या गाडीतही असेच काळ निघाले. तळाशी कंपनीची मूळ वायर, रंग शाबूत, क्लिपा जागच्या जागी, सुबत्तेचा काळ. त्यावर कुणीतरी संगीत हॉर्नसाठी ओढलेली जाड तांबडी वायर. त्यावर सप्ताहाच्या कर्ण्याची, मग कुठल्याशा निवडणुकीतल्या प्रचाराची; हिच्या टोकाला अजून पक्षाच्या झेंड्याची चिंधी होती, पण रंग उडाल्यामुळे पक्ष सांगता येत नाही, आणि सांगता आला असता तरी आता तो तोच राहिला असेल याची खात्री नाही. सर्वांत वर निळ्या एलईडीच्या माळेचा थर. इनामगावात उत्तर जोर्वे काळी लोक गरीब होत गेले, ऐसपैस चौकोनी घरं जाऊन गोल झोपड्या आल्या. इथंही वरच्या थरात सोल्डरिंग जाऊन नुसता पीळ आला होता आणि पिळावर सॅलोटेप. मध्येच उंदरानं कुरतडलेला एक तुकडा, आणि फ्यूजच्या डबीत मुंगळे, कारण एक मालक गुऱ्हाळावरून काकवीचे डबे वाहायचा. इनामगावकर मोठ्या माणसाला पुरताना त्याचे पाय घोट्यापासून तोडत. मेलेला उठून चालायला लागू नये म्हणून, असा तर्क आहे. आमच्या पिकअपबाबत एवढी खबरदारी घ्यायचं कारण नव्हतं.

वायरी निघाल्या, बिघाड मिळाला नाही. तशातच मावशीला मनमाडकडच्या गाडीत बसवायला दौंडला जायची वेळ आली.

आमच्याकडून दौंडला जाणं हाही एक प्रकार आहे. शिरूर पुणे जिल्ह्यात, दौंडही पुणे जिल्ह्यात. पण घोड ओलांडली की काष्टी लागते आणि ती नगर, म्हणजे आता अहिल्यानगर जिल्ह्यात. पुढं भीमा ओलांडली की परत पुणे. घरच्या घरात जायला परजिल्ह्यातून जावं लागतं, आणि दोन्ही जिल्ह्यांच्या वाहतूक पोलिसांसमोर माझा मागचा दिवा ब्रेक दाबताच विझणार. मी काष्टीतून ब्रेक न दाबता गेलो. मावशी डोळे मिटून सिद्धटेकच्या गणपतीचं नाव घेत होती.

स्टेशनबाहेर गाडी लावत असताना चहाच्या टपरीवरचे एक गृहस्थ उठून मागं आले. रेल्वेच्या विजेच्या खात्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. दौंड हे रेल्वेचं गाव. इथं दर चौथ्या घरात असा एखादा माणूस निघतो. त्यांनी लुकलुकणारे दिवे क्षणभर पाहिले आणि कपातला घोट संपवून एकच प्रश्न विचारला.

"रिटर्न कुठंय?"

हा प्रश्न आमच्या अख्ख्या तालुक्यात कुणी विचारला नव्हता. त्यांनी रुळांवरच्या तारेकडे बोट केलं. "वर २५,००० व्होल्ट. तार एकच. करंट इंजिनात उतरतो, चाकातून रुळात जातो न् रुळानं सबस्टेशनला परत. तुमच्या गाडीलापण एकच वायर जाते. परत यायचा रूळ म्हणजे बॉडी. रूळ तुटलाय तुमचा."

मीटर मागवला गेला. मावशीला ड्रायव्हरच्या सीटवर बसवून ब्रेकवर पाय ठेवायला सांगितला. तिनं आयुष्यात प्रथमच तो दाबला आणि आगगाडीचा भोंगा ऐकू येईपर्यंत सोडला नाही. फिटरकाकांनी मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल पिन हौद्याच्या पत्र्याला लावली. अर्थ चांगला असेल तर इथं जवळजवळ शून्य दिसायला हवं. दिसले सहा व्होल्ट. म्हणजे निम्मी बॅटरी परतीच्या वाटेतच खर्च होत होती.

मग उलगडा झाला. मागच्या मालकानं हौदा नवा करून घेतला होता. कारागिरानं काम मन लावून केलेलं. चासी आणि हौद्याच्या मध्ये रबराच्या पट्ट्या, बोल्टांना वॉशर, सगळ्याला दोन हात रेडऑक्साइड आणि वर ऑइलपेंट. आवाज नाही, गंज नाही आणि अर्थही नाही. मागच्या बल्बात एकाच काचेत दोन तारा असतात, ब्रेकची २१ वॅटची आणि टेलची ५ वॅटची, आणि दोघींची परतीची वाट एकच. ती बंद झाली की ब्रेकच्या तारेतून आलेला करंट टेलच्या तारेतून उलटा वर चढतो आणि पुढं जाऊन मीटरमधल्या दिव्यातून बॉडीला पोचतो. म्हणून ब्रेक दाबला की मीटर उजळायचा. करंट आपल्या परीनं घरी जात होता. आम्ही सगळे तो गाडीत येतो कुठून हेच बघत बसलो होतो.

काकांनी पत्रा खरवडून चकचकीत केला, हौद्यापासून चासीला आणि चासीपासून बॅटरीच्या निगेटिव्हला जाड वायर आवळली. मावशीनं ब्रेक दाबला. मागं लाल, पुढं अंधार, सगळं जिथल्या तिथं. मावशीला गाडी मिळाली. काकांनी पैसे घेतले नाहीत. हौद्यातली कांद्याची एक गोणी मात्र, मी आग्रह करायच्या आत, उतरवून घेतली.

खरी अडचण घरी आल्यावर झाली. मामांना हे पटेना.

"आपल्या मोटारीला तीन वायरी जात्यात. परत येक बी येत न्हाय. तरी चालती का न्हाय?"

प्रश्न बिनतोड होता. रिटर्न कुणाला आठवला नाही याचं कारणच हे. थ्री फेजवर वाढलेल्या गावाला परत येणारी वायर कधी दिसलेलीच नसते. मी पाटीवर तीन लाटा काढल्या. एका फेजमधून जेवढा करंट आत जातो तेवढाच त्या क्षणी उरलेल्या दोन फेजांतून बाहेर येतो. पाळी सारखी बदलत राहते, सेकंदाला ५० फेरे. कधीही बेरीज करा, शून्य. म्हणून चौथी वायर लागतच नाही.

मामांनी टेस्टरनं कान कोरत लाटांकडे बराच वेळ पाहिलं.

"म्हंजे एकानं घ्यायचं आन् दुसऱ्या दोघांच्या नावावर टाकायचं."

"हां."

"फुडच्या टायमाला दुसऱ्यानं घ्यायचं."

"बरोबर."

"आन् हिशेबाला बसलं की समद्यांचं मिळून शून्य."

"अगदी बरोबर, मामा."

"मग सोसायटीवानी म्हण की सरळ. उगं रेल्वे कशाला आणली मधी?"