वाहनरसिकाचे मतशास्त्र

भारतीय वाहनरसिकाच्या मतांचा अभ्यास केल्यास असे दिसते की, गाडीचे उत्पादन सुरू असेपर्यंत तिचे दोष मोजले जातात आणि ते बंद पडताच गुण. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी प्रीमिअर पद्मिनी ही मूळच्या इटालियन फियाट ११००ची भारतीय आवृत्ती. तिचा गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर असे, आणि त्या दांड्याशी झटापट करण्यात ज्यांची उमेद सरली, त्यांनीच १९८३ साली आलेल्या ७९६ सीसी (म्हणजे घन सेंटिमीटर) क्षमतेच्या इंजिनाच्या मारुती ८००ला काडेपेटी म्हणून हिणवले व मग मुकाट्याने तिच्या प्रतीक्षायादीत नाव घातले. २०१४ साली थांबलेल्या अँबॅसडरच्या प्रशस्त मागच्या आसनाची स्तुती करणाऱ्यांना तिचे ब्रेक आठवत नाहीत, हे सोयीचेच. आजचा रसिक ‘ग्राउंड क्लिअरन्स’, म्हणजे रस्ता आणि गाडीचा तळ यांमधील अंतर, मिलिमीटरमध्ये सांगतो आणि चारही चाकांना इंजिनाची ताकद पुरवणारी गाडी आवर्जून घेतो; तिला भेटणारा सर्वांत अवघड चढ बहुधा मॉलच्या तळघरातून वर येणारा असतो. ‘स्वतः गिअर टाकण्यातला आनंद’ हिंजवडीच्या कोंडीत डावा गुडघा बोलू लागेपर्यंत टिकतो. एवढे तत्त्वचिंतन झाल्यावर शोरूममध्ये त्याचा पहिला प्रश्न मायलेजचाच असतो.