शब्दभेदी सर

पुण्याच्या सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेची पोरं जितकी, जवळजवळ तितकेच त्यांना शिकवणारे सर. त्यातही इंग्रजीच्या सरांची जात वेगळी. पांढरा शर्ट, खिशाला लाल पेन आणि दोन शब्दांचा अर्थ कधीच एक नसतो ही कडवी श्रद्धा. सीडीएसच्या पेपरात समानार्थी शब्द विचारतात, हा यूपीएससीने आपला केलेला जाहीर अपमान आहे, असं सरांचं मत.

अचानक होणारे हल्ले हा त्यांचा लाडका धडा. वहीत नुसतं ‘अटॅक’ दिसलं की वही परत. “अटॅक काय, कुणालाही येतो. नेमकं काय झालं ते लिही!”

मग फळा भरू लागतो. “लाल महाल, एप्रिल १६६३. महाराज शाइस्तेखानाच्या मुक्कामावर गेले, काम उरकलं, परत फिरले. ही रेड. उंबरखिंड, फेब्रुवारी १६६१. कारतलबखान आपल्या पायांनी खिंडीत उतरला, मावळे झाडीत आधीच बसलेले. हा अँबुश. रेडमध्ये आपण जायचं, अँबुशमध्ये त्यानं यायचं. तटावर सगळ्यांनी मिळून सुलतानढवा केला की असॉल्ट. वेढ्यात अडकलेल्यांनी दार उघडून बाहेर धडक मारली की सॉर्टी.”

“सर, विमानांचीपण सॉर्टी असते ना?” मागच्या बाकावरून शंका येते.

“असते. त्यांना वेढा कुणी घातला, ते हवाई दलाला विचार.”

क्लास सुटला तरी सर सुटत नाहीत. लक्ष्मी रोडवर ‘ब्लिट्झ सेल’ची पाटी दिसताच ते दुकानात शिरले. “अहो, सप्टेंबर १९४० ते मे १९४१ लंडनवर बॉम्ब पडत होते, त्याला ब्लिट्झ म्हणतात. तुम्ही चादरींवर वीस टक्के सूट देताय!”

“बरं, तुम्हाला पंचवीस,” दुकानदार म्हणाला. सर दोन चादरी घेऊन आले.

घरी बाईंचे भाचे चकल्यांचा डबा रिकामा करून गेले की ती रेड. तेच भाचे सुट्टीभर राहिले की इन्व्हेजन. बाई दोन्ही वेळा पुन्हा चकल्या तळतात, शब्द कोणताही असो.

परवा फिरायला गेलेल्या सरांना कुत्रं चावलं. पोटरीतून रक्त येत होतं. डॉक्टरांनी विचारलं, “कुत्र्यानं अटॅक कुठं केला?”

सर टेबलावर उठून बसले. “अटॅक नव्हे, अँबुश! ते स्कूटरमागं दबा धरून होतं. मी चालत त्याच्या टापूत गेलो. ते धावत माझ्या फाटकात शिरलं असतं तर रेड.” रेबीजची लस हातात धरून डॉक्टर उभे. बाहेर पेशंटची रांग जिन्यापर्यंत गेली. सर इन्कर्शनवर आले होते.

घरी परतताना बाई म्हणाल्या, “अहो, कुत्रं एकदा चावून निघून तरी गेलं. तुम्ही त्या डॉक्टरांना अर्धा तास जागचं हलू दिलं नाहीत. त्याला काय म्हणतात तुमच्या इंग्रजीत?”

सर थांबले. प्रश्न घरचा असला तरी उत्तर चुकवणं त्यांच्या रक्तात नाही.

“सीज,” ते म्हणाले. “पण तो अचानक होत नाही. या धड्यात येत नाही.”